माग (जखमी हरणाचा)

माग : पळालेल्या किंवा दिसेनाशा झालेल्या जनावराचा, त्याने मागे ठेवलेल्या खुणांवरून घेतलेला शोध. पाऊल, रक्त, केस, लेंडी, मोडलेली काडी, वास या त्या खुणा. शब्दाचा पसारा शिकारीपेक्षा मोठा आहे. चोराचा माग काढतात, हरवलेल्या गुराचा माग लागतो, आणि काहीच हाती लागले नाही तर ‘मागमूस नाही’ म्हणतात. या नोंदीत बाण लागलेल्या हरणाचा अंधारातला माग, आणि जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीच्या परिसरासारख्या मुलखात त्या विद्येचे काय उरले, एवढेच घेतले आहे. भारतात हरणाची शिकार हा गुन्हा आहे. धनुष्यबाणाची शिकार आणि तिच्याबरोबर येणारा रात्रीचा शोध आज मुख्यतः अमेरिका व कॅनडात चालतो.

मराठी माणसाला बाण लागलेले हरीण सर्वांत आधी भेटते ते आभाळात. चार कोपऱ्यांवरचे चार तारे म्हणजे मृगाचे पाय, मधले एका ओळीतले तीन म्हणजे पोटात रुतलेला बाण, आणि ती ओळ आग्नेयेकडे वाढवली की तिथे व्याध. ऐतरेय ब्राह्मणात हरणाचे रूप घेतलेल्या प्रजापतीला रुद्र तीन कांडांच्या बाणाने विंधतो. लोकमान्य टिळकांनी 1893च्या ‘ओरायन’ ग्रंथात वेदकाळ ठरवताना याच तारकासमूहाचा आधार घेतला. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर ज्याची वाट पाहतात ते मृग नक्षत्र हेच. पण तेव्हा सूर्यच तिथे असतो, म्हणून हरीण दिसत नाही. ते पाहायचे तर पौष-माघात रात्री शेताला पाणी द्यायला गेलेल्याने मान वर करावी. रामाने हरणाचे रूप घेतलेल्या मारीचाला मारले, त्या मारीचवधाच्या दंतकथाही गोदाकाठी मुरलेल्या आहेत. नांदूर मध्यमेश्वरच्या महादेवाचे नावच मृगव्याधेश्वर.

हरीण हा शब्द आपण सैल वापरतो. चितळ आणि सांबर ही खरी हरणे. त्यांची शिंगे गळतात व नव्याने फुटतात. काळवीट व चिंकारा हे कुरंग, त्यांची शिंगे जन्मभराची. मराठवाड्याच्या उघड्या माळावर गाठ पडते ती या दुसऱ्यांशी, आणि रोह्याशी (नीलगाय). काळविटाला गवताळ सपाट जागा हवी, कारण त्याचा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. राज्यात त्याच्यासाठी 1980 साली कर्जत तालुक्यात रेहेकुरी अभयारण्य झाले, तेही सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आतले. अभयारण्यांबाहेरचे कळप बहुधा शेतातच जगतात. जायकवाडीचा डावा कालवा जालना जिल्ह्यातून परभणीकडे जातो आणि त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. जखमी जनावर आडोशाला शिरते, आणि उसाइतका दाट आडोसा माळावर कधीच नव्हता.

बाणाची जखम गोळीसारखी नसते. गोळीच्या धक्क्याने जनावर पुष्कळदा जागीच पडते. बाणाचे पाते रक्तवाहिन्या कापते आणि जनावर रक्तस्रावाने मरते. मधल्या वेळात ते धावते. म्हणून बाण सुटल्यावरचे पहिले काम म्हणजे जागचे न हलणे. जनावर कुठे उभे होते, कोणत्या झाडाजवळ शेवटचे दिसले, उसळले की पाठ वाकवून हळू गेले, हे मनात पक्के करायचे. मग सापडलेला बाण वाचायचा. फिकट, फेसाळ रक्त फुप्फुसाचे. अशी जखम असेल तर हरीण बहुधा शंभर-दीडशे मीटरच्या आत पडलेले असते. गडद, काळपट रक्त यकृताचे. चार ते सहा तास थांबावे. बाणाला हिरवट चिकटा आणि शेणाचा वास असेल तर पोट फुटले आहे, आणि आठ-बारा तास जवळ जाऊ नये. असे जनावर जवळच्या आडोशाला बसते. तिथून उठवले की मैलभर जाते आणि रक्त गळत नसल्याने माग तुटतो. बहुतेक हरणे बाण चुकल्यामुळे नव्हे, घाई केल्यामुळे हरवतात, असे म्हणण्याइतका हा नियम मोठा आहे. उकाड्याच्या रात्री मात्र मांस सकाळपर्यंत टिकत नाही, आणि तिथे शिकाऱ्याचे मन दोन्हीकडे ओढले जाते.

अंधारात वाचन बदलते. बॅटरी डोळ्यांच्या उंचीवरून खाली मारली तर जमीन सपाट दिसते; ती गुडघ्याखाली, आडवी धरली की प्रत्येक खुराच्या खळग्यात सावली पडते. पिवळ्या उजेडात वाळलेले रक्त आणि पानावरचा तांबेरा सारखेच दिसतात. शंका आली तर ओल्या चिंधीने पुसावे. रक्त रंग सोडते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर फेसाळते. थेंबाला शेपूट असेल तर ती जाण्याची दिशा दाखवते. धाटावर रक्त किती उंचीवर लागले आहे त्यावरून जखमेची उंची कळते, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना लागले असेल तर बाण आरपार गेला आहे. केसही बोलतात : पांढरे पोटाचे, गडद पाठीचे. शेवटच्या थेंबावर एक माणूस उभा करावा किंवा चिंधी बांधावी, आणि मागावर पाय न देता बाजूने चालावे. चार उत्साही शेजारी बोलावले की माग तुडवला जातो, हा अनुभव सगळीकडचा. माग पूर्ण विरला तर पाण्याकडे व दाट झाडोऱ्याकडे पट्ट्यापट्ट्याने शोधत जातात, नाहीतर लांब पट्ट्यावर धरलेले हुंगणारे कुत्रे आणतात. जर्मनीत धनुष्याने शिकारीला बंदी आहे, पण बंदुकीने जखमी झालेल्या जनावराच्या शोधासाठी खास कुत्री घडवण्याची जुनी परंपरा तिथलीच.

काळ्या मातीचा स्वभाव वेगळा. पावसानंतरच्या वाफशावर काळविटाचा टोकदार, अरुंद खूर कोरल्यासारखा उमटतो. धावताना खुराची दोन बोटे फाकतात, लंगडत असेल तर एक ठसा उथळ किंवा फरफटलेला येतो. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि ठसा भेगेत हरवतो.

महाराष्ट्रात बाणाची शिकार सातपुड्यातल्या भिल्लांच्या तीरकामठ्याशी जोडलेली आहे. मराठवाड्याच्या माळावर हरणामागे होता तो फासेपारधी, आणि त्याचे हत्यार त्याच्या नावातच आहे. तो शिकवलेल्या बैलाच्या आडून कळपाजवळ सरकायचा आणि फासे मांडायचा. फाशात जनावर जिवंत सापडते, रक्ताचा माग काढण्याची वेळच येत नाही. खूर वाचण्यातली त्यांची नजर मात्र नावाजलेली होती. ब्रिटिश सरकारच्या 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो शिक्का कायद्याच्या पुस्तकातून 1952 साली गेला, गावाच्या नजरेतून जायला फार वेळ लागला. जुन्या गावगाड्यात माग काढणे हे रामोशी-जागल्यांचे नेमून दिलेले काम होते. चोराचा माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवला की जबाबदारी त्या गावावर. शिवेआत विरला तर भरपाई राखणदाराच्या गळ्यात.

 

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. जखमी करणे, फास लावणे, पाठलाग करणे आणि तसा प्रयत्नही तीत येतो. सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवाने मिळत. 1991च्या दुरुस्तीने ती तरतूदच काढून टाकली. काळवीट व चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत, शिक्षा तीन ते सात वर्षे. मेलेले जनावर सरकारच्या मालकीचे, त्यामुळे रात्री शोधून घरी आणलेले हरीण हा नवा गुन्हा ठरतो.

म्हणून अंतरवाली सराटीच्या शिवारात आज जखमी हरणाचा माग कोणी काढलाच तर तो वाचवण्यासाठी. 2023मध्ये मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांनी केलेल्या उपोषणाने हे गाव देशभर पोचले. वडीगोद्रीवरून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग मात्र आधीपासूनच जवळ होता, आणि असे मार्ग हरणांना जड जातात. वाहनाची धडक, मोकाट कुत्री, बिनकठड्याच्या विहिरी ही जखमांची कारणे. शोध घेणाऱ्याने इथेही मागे धावू नये. पाठलागाच्या ताणाने काळविटाच्या स्नायूंची नासाडी होते आणि वरवर धड दिसणारे जनावरही काही तासांनी किंवा दिवसांनी मरते. वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवून, बॅटऱ्या विझवून, कुत्री बांधून लांब थांबावे. जनावर धरावेच लागले तर डोळ्यांवर जाडसर कापड टाकतात. अंधार झाला की ते शांत होते.