बहाव्यावरचं दोन नावांचं फुलपाखरू

1775 साली युरोपात एकाच पिवळ्या फुलपाखराचं दोनदा बारसं झालं. डॅनिश कीटकतज्ज्ञ फॅब्रिशियसने त्याला ‘पोमोना’ म्हटलं, ॲमस्टरडॅमचा लोकर व्यापारी पीटर क्रेमरने ‘क्रोकेल’. पुढे बराच काळ या दोन वेगळ्या जाती मानल्या गेल्या.

घोटाळ्याला कारणही तसंच होतं. एका रूपाच्या मिशा लालसर, पंखांच्या खालच्या बाजूला लाल कडेचे चंदेरी ठिपके. दुसऱ्याच्या मिशा काळ्या आणि खालची बाजू कोरी. टाचणीने टोचलेले नमुने शेजारी ठेवले, तर कुणालाही ते परकेच वाटावेत.

आज दोन्ही रूपं एकाच जातीची मानली जातात: कॉमन एमिग्रंट.

त्याचा पत्ता झाडांवरून लागतो. मादी बहाव्याच्या, कासोदाच्या कोवळ्या पानांवर सुटी सुटी अंडी घालते. हिरवी अळी पानाच्या शिरेलगत अशी पडून राहते, की चटकन दिसतच नाही. या झाडांमुळेच महाराष्ट्रात हे फुलपाखरू जंगलाइतकंच शहरातल्या बागांत आणि रस्त्याकडेच्या झाडांवर सापडतं. पावसाळ्यात नर ओल्या मातीवर घोळक्याने क्षार शोषतात, तर कधी थवेच्या थवे एकाच दिशेने निघतात. टाकळ्यावर वाढणारा त्याचा भाऊबंद मॉटल्ड एमिग्रंट मात्र पंखांखालच्या बारीक तपकिरी रेघोट्यांमुळे वेगळा ओळखू येतो.