इकेबानाचे प्राथमिक शिक्षण

इकेबाना ही फुले, फांद्या व पाने यांच्या रचनेची पारंपरिक जपानी कला आहे. ‘इकेरु’ (जिवंत ठेवणे, रचणे) आणि ‘हाना’ (फूल) या शब्दांपासून हे नाव बनले आहे. या कलेस ‘कादो’ म्हणजे ‘फुलांचा मार्ग’ असेही म्हणतात. हार, गजरा किंवा वेणी यांत फुलांची विपुलता अपेक्षित असते. इकेबानात मोजक्या काड्या आणि त्यांच्यामधील मोकळी जागा यांना महत्त्व असते. त्यामुळे नवशिक्याला फुले मांडण्याइतकेच ती वगळण्यासही शिकावे लागते.

इतिहास

बुद्धमूर्तीपुढे फुले अर्पण करण्याच्या प्रथेतून ही कला विकसित झाली. क्योतो येथील रोक्काकुदो मंदिराशी निगडित असलेली इकेनोबो ही तिची सर्वांत जुनी परंपरा होय. या मंदिरातील इकेनोबो सेंकेई यांच्या पुष्परचनेचा उल्लेख १४६२ सालच्या नोंदीत आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उन्शिन यांनी उथळ भांड्यातील ‘मोरिबाना’ शैली रूढ केली. तेशिगाहारा सोफू यांनी १९२७ मध्ये सोगेत्सु परंपरा स्थापन केली.

साधने

नवशिक्याला उथळ भांडे (सुइबान), कात्री (हासामी) आणि केन्झान ही साधने पुरेशी असतात. केन्झान म्हणजे जड धातूच्या बैठकीवर दाट बसवलेल्या सुया. त्यांत देठ रोवले जातात. देठ पाण्याखाली कापतात. त्यामुळे देठात हवा शिरत नाही व पाणी वर चढत राहते.

मूलभूत रचना

सोगेत्सु परंपरेच्या पहिल्या पाठात तीन मुख्य काड्या असतात. उभ्या रेषेपासून ‘शिन’ सुमारे १५, ‘सोए’ ४५ आणि ‘हिकाए’ ७५ अंशांत झुकवतात. भांड्याचा व्यास व खोली यांच्या बेरजेच्या सुमारे दीडपट शिन, शिनच्या पाऊणपट सोए आणि सोएच्या पाऊणपट हिकाए असे प्रमाण असते. २४ सेंमी व्यासाच्या व ६ सेंमी खोलीच्या भांड्यात या काड्या अनुक्रमे सुमारे ४५, ३४ व २५ सेंमी लांबीच्या ठरतात. तिन्ही काड्या एकाच प्रतलात लावल्यास रचना सपाट दिसते. म्हणून त्या पाहणाऱ्याच्या दिशेनेही झुकवतात. उरलेली जागा ‘जुशी’ या आखूड पूरक काड्यांनी थोडीफार भरतात.

स्थानिक साहित्य

इकेबानासाठी जपानी वनस्पतींची आवश्यकता नसते. उलट परिसर व ऋतू यांचे प्रतिबिंब रचनेत पडावे, अशी अपेक्षा असते. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील विद्यार्थ्याला शेवंती, गुलछडी यांसारखी फुले कल्याणच्या फूलबाजारात मिळतात, तर क्रोटनची पाने व कर्दळ अंगणात किंवा सोसायटीच्या बागेत आढळते. कोरड्या ऋतूत पाने गळालेल्या चाफ्याची वळणदार फांदी शिन म्हणून उपयोगी पडते. तिचा चीक मात्र आधी धुवावा लागतो. जास्वंदीचे फूल साधारणतः एकच दिवस टिकते. ते कोमेजणे हा दोष न मानता, काळाचे भान देणारा रचनेचा भाग मानला जातो.

हेही पाहा

पुष्परचना, बोन्साय, जपानी चहा समारंभ