जास्तीच्या दुधाचे काय?

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलने वांगणी सोडली की शेलू येते आणि त्यापुढे नेरळ. एके काळचे हे भातशेतीचे गाव. आज स्थानकाभोवती इमारती उभ्या आहेत. सकाळी दुधाची पिशवी येते, उरलेले दूध फ्रिजमध्ये जाते. त्यामुळे ‘दूध उरले तर काय करायचे?’ हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना किरकोळ वाटेल. पण या भागात दुभती म्हैस असलेल्या घरात पूर्वी तो रोज उभा राहत असे, आणि घरात कोणाला काय खायला मिळणार हे त्याच्या उत्तरावर ठरत असे.

मुळात हा प्रश्न घड्याळाचा आहे. कोकणातल्या उबदार हवेत दुधातले जिवाणू तास-दीड तासात सहज दुप्पट होतात. ते दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो, तो ४.६ पर्यंत उतरला की केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून बसते आणि दूध घट्ट होते. दूध पुरते आंबण्याआधीच तापवले तर ते फाटते, त्याची नासकवणी होते. वेळेवर उकळलेल्या दुधात जिवाणू बहुतेक मरतात, म्हणजे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, थांबत नाही. आंबणे हे सजीवांचे काम आहे असे लुई पाश्चर यांनी फ्रान्समधील लील येथे मांडले ते १८५७ साली. योगायोग असा, की शेलूवरून जाणारा लोहमार्ग त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, खोपोलीपर्यंत पोहोचला होता. विरजण लावणाऱ्या बायकांना अर्थात पाश्चर यांची वाट पाहावी लागली नव्हती.

जनावर व्याले की पहिले दोन-तीन दिवस चीक निघतो. वासराला पाजूनही तो उरतो आणि टिकत तर नाही. चिकात तापवल्यावर गोठणारी प्रथिने भरपूर असतात, म्हणून गूळ घालून नुसता वाफवला तरी त्याची वडी पडते. हा खरवस शेजारीपाजारी वाटायची रीत आहे. वाटण्यामागे जिव्हाळा होताच, पण घरात एवढा चीक संपणार कसा, हाही हिशेब असावा असे आम्हाला वाटते.

रोजच्या दुधाची गोष्ट वेगळी. बाजार जवळ नसेल तर दूध टिकाऊ करून विकायचे, आणि टिकाऊ करायचे म्हणजे त्यातले पाणी काढायचे. म्हशीच्या दुधात शंभर भागांत सुमारे ८३ भाग पाणी आणि ७ भाग स्निग्धांश असतो. विरजायचे, घुसळायचे, लोणी कढवायचे. १० लिटर दुधाचे सहा-सातशे ग्रॅम तूप होते. त्यात पाणी जवळजवळ नसल्याने जिवाणूंची डाळ शिजत नाही. डोक्यावरून चार-चार दिवस नेले तरी ते बिघडत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी पाळणाऱ्या गवळी धनगरांचा लोण्या-तुपाचा व्यापार यावरच उभा होता. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी या समाजाचा तपशीलवार अभ्यास केला आहे.

आता त्या १० लिटरमधले सुमारे ४०० ग्रॅम प्रथिन गेले कुठे? ते जवळजवळ सगळे ताकात राहिले, आणि कॅल्शियमही. ताकाला दूरच्या बाजारात गिऱ्हाईक नव्हते. ते घरात प्यायले जाई, कढीत जाई, आणि ज्याच्याकडे जनावर नाही त्यालाही मागितले तर मिळे. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण अशा गावातूनच येऊ शकते. म्हणजे चरबी बाजारात जात होती आणि प्रथिन गावात राहत होते. कोणी ठरवून केलेली ही पोषणाची योजना नव्हती. दूध नासते म्हणून ती आपोआप घडली.

रेल्वे आली म्हणून हे लगेच बदलले नाही. मुंबईला दूध बराच काळ शहरातल्याच तबेल्यांतून मिळत असे. १९४५ मध्ये ‘बॉम्बे मिल्क स्कीम’खाली पाश्चरीकरण केलेले दूध आणंदहून, चारशेहून अधिक किलोमीटरवरून, मुंबईला येऊ लागले. १९४९ मध्ये आरे वसाहत सुरू झाली. थंडीत म्हशी जास्त दूध देतात, तेव्हा आणंदच्या सहकारी संघापुढे नेमका आपल्या म्हैसवाल्याचाच प्रश्न आला. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असे परदेशी तज्ज्ञ म्हणत असताना हरिचंद मेघा दलाया यांनी ती करून दाखवली, आणि १९५५ मध्ये आणंदचा भुकटीचा कारखाना सुरू झाला. तत्त्व चुलीवरच्या खव्याचेच: पाणी काढा.

फरक इतकाच, की शीतकरण, टँकर आणि संकलन केंद्र आल्यावर दूध हे दूध म्हणूनच घराबाहेर जाऊ लागले. त्याबरोबर ताकातले प्रथिनही गेले. घरात रोख पैसा आला, बायकांची तास-दोन तासांची घुसळण वाचली. हा लाभ लहान नाही आणि जुन्या दिवसांचे गोडवे गाताना तो विसरणे अन्यायाचे होईल. पण फुकट ताक मागायला येणाऱ्या घराला त्या पैशातले काहीच मिळाले नाही. दूध-उत्पादनाच्या आकड्यांत हे ताक कधी मोजले गेले नव्हते, म्हणून ते गेल्याचेही आकड्यांत दिसत नाही.

वर्गात एक साधी तुलना करता येईल. एका वाटीत न तापवलेले ताजे दूध आणि दुसऱ्या वाटीत पिशवीतले दूध झाकून ठेवावे; दर तीन-चार तासांनी वास घ्यावा, लिटमस लावावा, चव मात्र घेऊ नये. न तापवलेले दूध बहुधा आधी आंबेल. पिशवीतल्या दुधातले आंबवणारे जिवाणू पाश्चरीकरणात बहुतांशी मेलेले असतात, पण काही जिवाणूंचे चिवट बीजाणू त्या उष्णतेला दाद देत नाहीत. म्हणून ते दूध उशिरा बिघडते, आणि बिघडताना आंबण्याऐवजी अनेकदा कुजकट होते. त्याचे दही हवे असेल, तर शेजारून विरजण आणावेच लागते.