पादुका-ऑर्किड : वन, काचकुपी आणि उपनगरातील गॅलरी

मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसृष्टीचा अभ्यास ज्या ग्रंथांच्या आधारे होतो, त्यांत डॅल्झेल व गिब्सन यांचा ‘द बॉम्बे फ्लोरा’ (१८६१) आणि फादर सांतापाव व कापडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ (१९६६) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. या प्रदेशातील वन्य ऑर्किडांमध्ये पादुका-ऑर्किड आढळत नाही. सीतेची वेणी सह्याद्रीच्या झाडांवर फुलते. परंतु पादुका-ऑर्किडचा पश्चिम घाटातील एकमेव प्रतिनिधी थेट दक्षिण टोकाला, अगस्त्यमलयाच्या डोंगरांत आहे. तेव्हा अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील एखाद्या गॅलरीत या फुलाची कुंडी दिसली, तर ती बाहेरून आलेली आहे हे निश्चित होय. प्रश्न एवढाच उरतो की, ती वनातून आली की काचेच्या कुपीतून? या वनस्पतीचा गेल्या दोन शतकांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

फुलाची खालची पाकळी सपातीच्या पुढल्या भागासारखी फुगीर असते, म्हणून त्यास हे नाव पडले. आशियातील उष्ण प्रदेशांतील या जाती फिट्झर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये ‘पॅफिओपेडिलम’ या स्वतंत्र प्रजातीखाली आणल्या. त्या नावाच्या उत्तरार्धातही पादुकेचाच ग्रीक शब्द आहे. इतर अनेक ऑर्किडांप्रमाणे या वनस्पतीस पाणी साठविणारे फुगीर खोड नसते. पानांचा झुबका आणि थोडीशी जाड, केसाळ मुळे एवढेच तिचे भांडवल. तिच्या संगोपनातील बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

एकोणिसाव्या शतकात हे फूल युरोपात पोहोचले ते भारतीय वनांतूनच. वॉलिच यांच्या प्रयत्नांनी सिल्हेटच्या बाजूकडील ‘व्हेनुस्टम’ व ‘इन्सिग्ने’ या जाती १८२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये फुलल्या. पुढे मागणी वाढली आणि वनांतून पोतीच्या पोती झाडे उपटली जाऊ लागली. ‘फेअरियानम’ ही हिमालयीन जाती १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये फुलली. नंतर लागवडीतून ती इतकी दुर्मिळ झाली की, तिच्या शोधासाठी सँडर या व्यापाऱ्याने एक हजार पौंडांचे बक्षीस लावले. ती पुन्हा हाती लागली १९०५ च्या सुमारास, भूतानच्या बाजूस. अगस्त्यमलयातील ‘ड्रुरी’ ही जाती कर्नल ड्रुरी यांना १८६५ मध्ये सापडली. तिचे क्षेत्र मुळातच चिमूटभर. संग्राहकांच्या हव्यासाने ती नामशेष होण्याच्या काठावर आली.

बी पेरून रोपे करावीत हा विचार त्या काळी कोणास सुचला नाही असे नाही. व्हीच यांच्या रोपवाटिकेतील डॉमिनी यांनी केलेला पादुका-ऑर्किडचा पहिला संकर १८६९ मध्ये फुलला. तथापि असे यश विरळाच होते. ऑर्किडचे बी धुळीसारखे सूक्ष्म. त्यात अंकुराच्या पोषणासाठी अन्नसाठा नसतो. मातृवृक्षाच्या बुंध्याशी बी भुरभुरावे आणि दैवावर हवाला ठेवावा, अशी रीत होती. हे बी निसर्गात बुरशीच्या साहाय्याने रुजते, हे फ्रान्समधील बर्नार यांनी १८९९ पासूनच्या संशोधनातून दाखविले. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या नडसन यांनी १९२२ मध्ये सिद्ध केले की, साखर व क्षार मिसळलेल्या निर्जंतुक अगरवर बुरशीवाचूनही बी रुजू शकते. मुंबईच्या किराणा दुकानांत ‘चायना ग्रास’ म्हणून जो पदार्थ खिरीसाठी मिळतो, तोच हा अगर. वनाचे काम काचेच्या कुपीने स्वतःकडे घेतले, असे या शोधाचे सार सांगता येईल.

या शोधाचे महत्त्व पादुका-ऑर्किडच्या बाबतीत अधिकच आहे. मोरेल यांनी १९६० मध्ये सिंबिडियमच्या वर्धनशील ऊतीपासून रोपे वाढविली आणि एका झाडापासून हजारो एकसारखी झाडे करण्याचा मार्ग अनेक ऑर्किडांना खुला झाला. बाजारातील स्वस्त डेंड्रोबियम हे त्याच मार्गाचे फळ होय. पादुका-ऑर्किड मात्र या पद्धतीस सहजासहजी वश झाले नाही. त्याची वाढ प्रामुख्याने बियांपासून अथवा जुना झुबका विभागूनच होते. परिणामी कुपीतील प्रत्येक रोप हे स्वतंत्र व्यक्तिमत्त्वाचे असते. व्हिएतनाममधील ‘डेलेनाटी’ या जातीचे उदाहरण येथे बोलके आहे. १९२४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले, पण वनातील तिचा ठावठिकाणा हरवला. फ्रान्समधील एका रोपवाटिकेत तगलेल्या झाडाच्या बियांपासून वाढविलेल्या संततीवरच ती लागवडीत कित्येक दशके जगली. वनात ती पुन्हा सापडली १९९० च्या दशकात. कुपीने येथे जातीचे रक्षण केले.

कायद्यानेही हाच भेद मानला. १९८९ मध्ये लोझान येथील परिषदेत या संपूर्ण प्रजातीचा समावेश वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात करण्याचा निर्णय झाला. पुढे निर्जंतुक कुपीतील, कृत्रिमरीत्या वाढविलेल्या रोपांना त्यातून सवलत मिळाली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन पादुका-ऑर्किडांची गणना विनिर्दिष्ट वनस्पतींत झाली आणि त्यांची लागवड व व्यापार परवान्याच्या कक्षेत आले.

आता उपनगरांकडे वळावे. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत विस्तारली. वाड्या व अंगणे जाऊन इमारती उभ्या राहिल्या, आणि बागेचे क्षेत्र गॅलरीपुरते उरले. पादुका-ऑर्किडला हा संकोच जाचत नाही. वनातील जमिनीवर, झाडांच्या सावलीत वाढणाऱ्या या वनस्पतीस पूर्वेकडील गॅलरीतील कोवळे ऊन पुरते. मात्र निवड डोळसपणे व्हावी लागते. हिरव्या पानांच्या ‘इन्सिग्ने’सारख्या डोंगराळ जातींना थंड रात्री लागतात, त्या मुंबईत दुर्लभ, चित्रविचित्र ठिपक्यांच्या पानांच्या उष्ण प्रदेशीय जाती व त्यांचे संकर येथे अधिक रमतात.

कुपीतून कुंडीत होणारे स्थलांतर हा या प्रवासातील सर्वांत कठीण टप्पा. कुपीतील रोपाला जंतू ठाऊक नसतात, कोरडी हवा ठाऊक नसते. म्हणून बंद कुपी प्रथम काही दिवस गॅलरीच्या सावलीत ठेवून रोपांना प्रकाशाची सवय लावली जाते. नंतर ती कोमट पाण्यात धुऊन अगरचा कणही उरू दिला जात नाही. कारण त्यातील साखरेवर बुरशी माजते. सारख्या आकाराची रोपे एकाच उथळ कुंडीत दाटीने लावतात. त्यांना एकमेकांच्या सहवासात ओलावा मिळतो. वर पारदर्शक झाकण ठेवून ते काही आठवड्यांत हळूहळू दूर करतात. माध्यम म्हणून धुऊन क्षार काढलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे व लोणारी कोळसा उपयोगी पडतो. मुळे कधी पूर्ण सुकू द्यावयाची नाहीत आणि कधी कुजू द्यावयाची नाहीत, हे सूत्र. उपनगरांतील पावसाळ्यात पानांच्या बेचक्यात साठलेले पाणी एका रात्रीत गाभा कुजविते, म्हणून जून ते सप्टेंबर कुंड्या छपराखाली आणि वाऱ्यावर ठेवाव्या लागतात; कुपी उघडण्यासही पावसाळा ओसरल्यानंतरचा काळ बरा. कूपनलिकेच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे साठविलेले पाणी हितकर ठरते.

पुढे रोपे सुटी करणे, वर्षा-दीड वर्षाने माध्यम बदलणे आणि वाट पाहणे. कुपीतून निघाल्यापासून पहिले फूल येण्यास सामान्यतः तीन ते पाच वर्षे, काही जातींत त्याहूनही अधिक काळ लागतो. वनातून उपटलेले झाड मात्र पहिल्याच हंगामात फुलू शकते. वनांची लूट का थांबत नाही, याचे उत्तर या दोन काळांतील अंतरात आहे. घाई ही वनाच्या बाजूने कौल देते, धीर कुपीच्या बाजूने.

या दृष्टीने कुंडीत खोचलेली चिठ्ठी हीच खरी ऐतिहासिक साधनसामग्री मानावी लागते. मातापित्यांची नावे, पेरणीचे वर्ष, कुपी उघडल्याची तारीख एवढे तिच्यावर असले, तर रोपाची वंशावळ सिद्ध होते. चिठ्ठी हरवली की कुपीतील झाड व चोरटे झाड यांतील भेद केवळ पाहून सांगणे दुष्कर होते. वनस्पती जिवंत ठेवणे हे जसे पाळणाऱ्याचे कर्तव्य, तसेच तिची नोंद जिवंत ठेवणे हेही होय.