पोच आल्याशिवाय पुढचं नाही: नेटवर्कमधलं फ्लो कंट्रोल आणि एरर कंट्रोल कसं चालतं?

पीक विम्याचा अर्ज भरायची मुदत संपत आली की गावोगावच्या सेवा केंद्रांत ‘सर्व्हर डाऊन आहे’ आणि ‘नेट स्लो आहे’ ही दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. फोनवर सिग्नलच्या रेघा पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही. अशा वेळी आपण कंपनीला किंवा प्लॅनला दोष देतो. पण संथ नेटमागे आणखी एक कारण असू शकतं. पाठवलेला डेटा वाटेत बिघडतो आणि तो पुन्हा पाठवण्यात वेळ जातो.

ही दुरुस्ती कुठे आणि कशी होते, ते समजून घेऊ.

डेटा लिंक लेयर म्हणजे काय?

नेटवर्कचं काम समजायला सोपं जावं म्हणून ओएसआय मॉडेलमध्ये त्याचे सात थर केले आहेत. त्यातला दुसरा थर म्हणजे डेटा लिंक लेयर. याची जबाबदारी फक्त शेजारच्या दोन उपकरणांपुरती असते. उदाहरणार्थ, फोन ते टॉवर किंवा लॅपटॉप ते राउटर.

हा थर डेटाचे छोटे तुकडे करून पाठवतो. या तुकड्याला फ्रेम म्हणतात. फ्रेम बिघडली का हे पाहणं आणि गरजेनुसार ती दुरुस्त करणं किंवा पुन्हा मागवणं म्हणजे एरर कंट्रोल. घेणाऱ्याला झेपेल एवढ्याच फ्रेम पाठवणं म्हणजे फ्लो कंट्रोल.

चूक सापडते कशी?

सगळ्यात साधा उपाय म्हणजे पॅरिटी. समजा १०११००१ हे सात बिट पाठवायचे आहेत. यात १ हा अंक चार वेळा आहे, म्हणजे सम. म्हणून शेवटी ० जोडला. वाटेत एक बिट उलटला तर १ची संख्या विषम होते आणि चूक पकडली जाते. मात्र दोन बिट उलटले तर संख्या पुन्हा सम होते आणि चूक निसटते.

म्हणून प्रत्यक्षात सीआरसी ही पद्धत वापरतात. पाठवणारा सगळ्या बिटना एका ठरलेल्या संख्येने विशिष्ट प्रकारे भागतो आणि उरलेली बाकी फ्रेमच्या शेवटी जोडतो. घेणारा तोच भागाकार करून बाकी जुळते का ते पाहतो. इथरनेटमध्ये ही बाकी ३२ बिटांची असते. सलग ३२ बिटांच्या पट्ट्यात झालेला कोणताही बिघाड ती पकडते.

रेल्वेचा नियम, नेटवर्कचा नियम

वाशिम स्टेशन अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावर आहे. रेल्वेच्या ॲब्सोल्यूट ब्लॉक पद्धतीत पुढच्या स्टेशनकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याशिवाय त्या टप्प्यात गाडी सोडता येत नाही.

नेटवर्कमधली ‘स्टॉप-अँड-वेट’ पद्धत अशीच आहे. एक फ्रेम पाठवायची आणि पोच येईपर्यंत थांबायचं. ठरलेल्या वेळात पोच आली नाही तर तीच फ्रेम पुन्हा पाठवायची. कधी फ्रेम पोचलेली असते, पण पोच हरवते. मग घेणाऱ्याकडे तीच फ्रेम दोनदा येते. ती ओळखता यावी म्हणून प्रत्येक फ्रेमला क्रमांक असतो.

थांबण्याची किंमत किती?

एक हिशेब करू. समजा वाशिम ते अकोला ८० किलोमीटरची सलग फायबर लाइन आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येऊन ०.८ मिलिसेकंद लागतात. १,५०० बाइटची फ्रेम म्हणजे १२,००० बिट. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ती सोडायला ०.१२ मिलिसेकंद पुरतात.

म्हणजे एका फ्रेममागे एकूण ०.९२ मिलिसेकंद जातात आणि त्यातला बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. प्रत्यक्षात मिळतात फक्त १३ एमबीपीएस. लाइन दहापट वेगवान, म्हणजे १ जीबीपीएसची केली तरी स्टॉप-अँड-वेटमध्ये मिळतील जेमतेम १५ एमबीपीएस. लाइनचा वेग वाढला तरी पोच यायला लागणारा वेळ कमी होत नाही.

उपाय: स्लायडिंग विंडो

यावर उपाय म्हणजे पोचेची वाट न पाहता एकामागून एक ठराविक फ्रेम सोडणं. वरच्या १०० एमबीपीएसच्या उदाहरणात ८ फ्रेमची मुभा दिली की लाइन रिकामी राहत नाही. पोच येईल तशी ही ‘खिडकी’ पुढे सरकते. घेणाऱ्याची मेमरी भरत आली तर खिडकी लहान करता येते. हेच फ्लो कंट्रोल.

आठपैकी तिसरी फ्रेम बिघडली तर काय करायचं? याचे दोन मार्ग आहेत.

- गो-बॅक-एन: तिसरीपासून आठवीपर्यंतच्या सहाही फ्रेम पुन्हा पाठवायच्या. घेणाऱ्याचं काम सोपं राहतं, पण लाइन वाया जाते.
- सिलेक्टिव्ह रिपीट: फक्त तिसरी फ्रेम पुन्हा पाठवायची. लाइन वाचते, पण पुढच्या फ्रेम सांभाळून ठेवायला घेणाऱ्याकडे जागा लागते.

आपल्या घरात काय चालतं?

प्रत्येक माध्यमाची रीत वेगळी असते. इथरनेट केबलमध्ये चुका फार कमी होतात. तिथे बिघडलेली फ्रेम सरळ टाकून देतात. ती पुन्हा मागवण्याचं काम वरच्या थरातला टीसीपी करतो. घेणारा भरून गेला तर तो ‘पॉज’ फ्रेम पाठवून समोरच्याला थोडा वेळ थांबवू शकतो.

वाय-फायचं तसं नाही. हवेत अडथळे जास्त, म्हणून तिथे डेटा लिंक लेयरच पोच मागतो. नव्या वाय-फायमध्ये अनेक फ्रेमची मिळून एकच पोच देतात. मोबाइल नेटवर्कमध्येही टॉवर आणि फोन बिघडलेला डेटा आपसात पुन्हा पाठवतात.

मग ‘नेट स्लो’ असेल तर?

सिग्नलच्या रेघा ताकद दाखवतात, किती फ्रेम पुन्हा पाठवाव्या लागल्या ते दाखवत नाहीत. फ्रेम वारंवार बिघडू लागल्या की वाय-फाय राउटर स्वतःचा वेगही कमी करतो.

म्हणून प्लॅन बदलण्याआधी एक तपासणी करा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि वेग मोजा. केबलवर वेग पूर्ण आणि वाय-फायवर अर्धा असेल तर अडचण बहुधा घरातच आहे. राउटर भिंतीआडून काढून जवळ ठेवून पाहा. केबलवरही वेग कमी असेल तर तक्रार करताना ही नोंद हाताशी ठेवा.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेटसारख्या योजनेलाही हेच लागू होतं. फायबर गावात पोचली तरी शेवटच्या काही मीटरमध्ये फ्रेम बिघडत राहिल्या, तर अर्ज भरायला आलेल्या माणसासाठी नेट स्लोच राहतं.