कानउघाडणी कोणी कोणाची करायची?

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना आपण बहुधा ‘स्मृतिचित्रे’पाशी सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. रेव्हरंड टिळकांचा विक्षिप्तपणा, लक्ष्मीबाईंचा निर्मळ विनोद, सोवळ्याओवळ्याचे ते अविस्मरणीय प्रसंग यांत आपण इतके रमतो, की ज्या मिशनच्या छायेत हा संसार चालला होता त्या मिशनशी टिळकांचा शेवटी उघड मतभेद झाला, ही गोष्ट वाचूनही आपल्या ध्यानात राहत नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तशिष्यांचा मेळा उभारायला घेतला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशीच न घेतलेल्यांनाही होती. चर्चच्या व्यवस्थेला हा प्रश्न फार अडचणीचा होता. ख्रिस्ताचा शिष्य कोण हे ठरवण्याचा अधिकार नोंदवहीकडे असावा की श्रद्धेकडे?

असा प्रश्न विचारणारे टिळक पहिले नव्हेत. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो मूळातून वाचण्यासारखा आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो 1977 साली प्रसिद्ध केला. जेराल्डिनबाईंना शिष्येची काळजी आहे, माया आहे, आणि तिने विनम्र व्हावे अशी अपेक्षाही आहे. रमाबाईंचे म्हणणे असे, की एका पुरोहितशाहीतून सुटले ते दुसरीच्या स्वाधीन होण्यासाठी नव्हे. ख्रिस्ती झालेल्या बाईला ख्रिस्ती देशांतले नाना पंथ आणि त्यांचे परस्परांशी भांडण पाहून गोंधळायला झाले, हे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनातही सांगून ठेवले आहे. ‘मार्गदर्शन’ या शब्दाची दिशा या पत्रांत एकसारखी उलटत राहते, आणि वडीलकीच्या सुरात लिहिणाऱ्या गुरूलाच पुष्कळदा बचावाचा पवित्रा घ्यावा लागतो.

पंथांचा हा गोंधळ हिंदुस्थानात तर नकाशावरच काढता येत असे. मिशनांनी आपसांत क्षेत्रे वाटून घेतली होती. नगर-सोलापूरकडे अमेरिकन काँग्रिगेशनल, नाशिकला अँग्लिकन, कोल्हापूरला अमेरिकन प्रेस्बिटेरियन, नागपूरला स्कॉटिश प्रेस्बिटेरियन. म्हणजे माणूस कोणत्या पंथाचा हे त्याच्या धर्मचिंतनावर अवलंबून नसे, तो कोणत्या जिल्ह्यात राहतो यावर असे. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात झालेल्या वादांचा वारसा नगर जिल्ह्यातल्या शेतमजुराने का वाहावा, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

जून 1910 मध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधींत आशियातले लोक वीसही नव्हते. त्यांत तिरुनेलवेलीकडचे पस्तीस वर्षांचे व्ही. एस. अझरिया होते. त्यांना बोलायला विषय दिला होता परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांच्या संबंधांचा. अशा विषयावर गोडगोड बोलून खाली बसणे सोपे असते. अझरियांनी सांगितले, की मिशनरी आपल्या सहकाऱ्यांना बंगल्यावर जेवायला बोलावत नाहीत, मित्र म्हणून वागवत नाहीत. ते मालक असतात आणि आम्ही पगारी नोकर. शेवटी त्यांनी आधार घेतला तो पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पत्राचा, म्हणजे मिशनऱ्यांना पाठ असलेल्या प्रीतीच्या अध्यायाचा. तुम्ही धन दिलेत, देह झिजवलेत, आता मैत्री द्या, असा त्या मागणीचा आशय होता. सभागृहात चुळबुळ झाली, काहींना ते कृतघ्नपणाचे वाटले. मला या भाषणातले सर्वात धारदार शस्त्र संयम वाटते. वक्ता बाहेरचे कोणतेच मूल्य आणत नाही. श्रोत्यांचेच शास्त्र त्यांच्यापुढे धरतो.

दोन वर्षांनी, 1912 साली, अझरिया दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. आणि मे 1919 च्या पहिल्या दोन दिवसांत तरंगमबाडी येथे तेहतीस धर्मसेवक जमले, त्यांत दोघे सोडल्यास सर्व भारतीय. आमच्यातली फूट आम्ही निर्माण केलेली नाही, ती बाहेरून आमच्यावर लादली गेली, असे त्यांच्या निवेदनाचे सांगणे होते. आणि ऐक्याचा आराखडाही त्यांनी मांडला. याच महिन्याच्या 9 तारखेला मुंबईत टिळकांचे निधन झाले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण एक माणूस मिशनच्या चौकटीबाहेर पडून आणि दुसरे चौकटीच्या आत बसून एकच तक्रार मांडत होते, हे लक्षात घ्यावेसे वाटते.

तरंगमबाडीनंतर अठ्ठावीस वर्षे वाटाघाटी चालल्या. वादाचे घोडे अडले ते बिशपपदावर: बिशपच्या हातून दीक्षा न घेतलेल्या धर्मसेवकाला पुन्हा दीक्षा द्यायची का? द्यावी म्हटले तर त्याची आजवरची सेवा खोटी ठरते. अखेर 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, तेव्हा असलेल्या धर्मसेवकांना आहेत तसेच स्वीकारण्यात आले. इंग्लंडमधील कित्येक अँग्लिकनांना ते रुचले नाही. अझरिया मात्र हे पाहायला नव्हते. 1945 च्या पहिल्याच दिवशी ते गेले.

उत्तरेकडचे ऐक्य आपल्या नागपूरला झाले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, आणि टिळकांच्या नगरच्या मंडळ्याही त्यात आल्या. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. जे आत आले त्यांच्यातही सगळे मनाने आले असे नाही. गुजरातमधील ब्रदरन मंडळीचा मालमत्तेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2013 साली न्यायालयाने केवळ ठरावाने विश्वस्त संस्था विलीन होत नाही असे ठरवले.

पण न्यायालयात न गेलेला दावा अधिक जुना आहे. दोर्नकलच्या परिसरातले बहुसंख्य ख्रिस्ती माला आणि मादिगा जातींचे होते, आणि एकाच देवळात येऊनही या दोन्हींतले अंतर मिटलेले नव्हते. प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन यांना एका प्रभुभोजनाला बसवण्यासाठी अठ्ठावीस वर्षे कागद लिहिले गेले. एका पंक्तीला बसण्याच्या प्रश्नावर तेवढे कागद कोणी लिहिले नाहीत. 1981 साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ यांनी भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतन हे उच्चवर्णीय संस्कृतीच्या आधाराने घडले आहे, अशी टीका केली आणि तिच्यातून पुढे दलित धर्मचिंतनाची वाट निघाली. या टीकेच्या कक्षेत संस्कृतप्रचुर भक्तिकाव्य लिहिणारे आपले टिळकही येतात. एडिंबरोत अझरियांनी मालकांना जेवणाच्या टेबलाविषयी विचारले होते. निर्मळांनी तेच टेबल मंडळीच्या स्वतःच्या घरात दाखवले.