घरबसल्या दातांची डॉक्टर?



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी लेकीच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं. मुलगी नुकतीच बारावी झालेली. मोबाईलवर जाहिरात आली होती, ‘घरबसल्या दातांची डॉक्टर व्हा.’ फी भरायची मुदत आठ दिवसांची. काही जणी म्हणाल्या, “द्या, पोरगी शिकतेय.” काही म्हणाल्या, “घरी बसून कुणी डॉक्टर होतं का?” मी चार दिवस मागून घेतले आणि वाचायला बसले. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते.

अमेरिकेत ल्युसी हॉब्ज नावाच्या एक शिक्षिका होत्या. त्यांना वैद्यकी शिकायची होती. सिनसिनाटीच्या कॉलेजनं बाई म्हणून नाकारलं. तिथल्याच एका प्राध्यापकांनी त्यांना खासगीत शिकवलं आणि दातांचं शिक्षण घ्या, असं सुचवलं. पण दातांच्या कॉलेजनंही दार लावून घेतलं. मग त्या एका दंतवैद्याच्या हाताखाली शिकल्या, 1861 मध्ये स्वतःचा दवाखाना काढला, पुढे आयोवा राज्यात रुग्ण तपासले. 1865 मध्ये तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं त्यांना सभासद करून घेतलं. तेव्हा कुठे त्या कॉलेजनं दार उघडलं. त्यांचा अनुभव धरून त्यांना थेट शेवटच्या वर्गात घेतलं. 1866 मध्ये त्यांना पदवी मिळाली. दंतवैद्यकाची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात. त्यानंतर वीस वर्षांनी, 1886 मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या.

ल्युसीबाईंचं बरंचसं शिक्षण कॉलेजबाहेर झालं. पण हात बसला तो रुग्णांवर काम करूनच.

त्याच देशात, ब्रिजपोर्ट शहरात, डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी 1906 मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात साफ करण्याचं काम शिकवलं. 1913 मध्ये त्यांनी अशा कामाचा वर्गच सुरू केला. तिथं शिकलेल्या बायका शहरातल्या शाळांमध्ये गेल्या, मुलांचे दात साफ केले, ब्रश कसा फिरवायचा ते शिकवलं. किडलेला दात काढणं हे दवाखान्याचं काम. गावातल्या पोरांचे दात किडूच नयेत म्हणून झटणं, हे सार्वजनिक आरोग्याचं काम.

आता घरून शिकण्याचं बघू. कॉलेजात न जाता परीक्षा देण्याची सोय लंडन विद्यापीठानं 1858 मध्ये केली. 1878 मध्ये बायकांनाही तिथल्या पदव्या खुल्या झाल्या. आपल्याकडे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 मध्ये आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये आलं. चूल-मूल सांभाळून कितीतरी जणी त्यामुळे पदवीधर झाल्या.

आज सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी ऑनलाईन घेता येते. रोग कसा पसरतो, पाण्यात काय आहे, आकडे कसे मांडायचे, योजना कशी आखायची, हे पडद्यावर शिकता येतं. दातांची डॉक्टर झालेली मुलगी पुढे संसार आणि नोकरी सांभाळून ते शिकू शकते. पण त्या पदवीनं दात काढायचा परवाना मिळत नाही. त्यासाठी बीडीएस लागतं. ते नीट परीक्षा देऊन, मान्यताप्राप्त कॉलेजात हजर राहूनच करावं लागतं. घरबसल्या होत नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही त्या जाहिरातवाल्यांना तीन प्रश्न लेखी विचारले. पदवी कुठल्या विद्यापीठाची? तिला मान्यता कुणाची? रुग्णांवर काम कुठे शिकवणार? उत्तर आलं नाही. फोन मात्र रोज येत राहिला, “आज भरा, सूट आहे.”

त्या ताईंचं कर्ज आम्ही नाकारलं नाही. रक्कम तशीच राखून ठेवली, नीटच्या तयारीसाठी. मुलगी आता सकाळी लवकर उठून अभ्यासाला बसते. तुमच्या गटात असा अर्ज आला, तर पोरीला नाही म्हणू नका. आधी हे तीन प्रश्न विचारा.